एमॉसच्या मुठीतली खुंटी

१

एमॉस ग्विलियमच्या अंगावरची तुळई मीच उचलली. गावात मोठे जॅक फक्त माझ्याकडे, त्यामुळे बोलावणं मलाच आलं. जानेवारीतल्या त्या मंगळवारी सकाळपासून वारा पिसाळला होता. साडेनऊच्या सुमारास लोअर पेनच्या शेतावरच्या कोठाराचा मधला गाळा बसला आणि एमॉस नेमका त्याच्याखाली होता.

ते कोठार चारशे वर्षं उभं होतं. युद्धं झाली, राजे झाले, तीन मजली उंचीच्या त्या ओकच्या सांगाड्याला काही झालं नाही. आणि माझा मित्र दोन मिनिटांसाठी आत गेला तेवढ्यात तो कोसळला. याला काय म्हणायचं!

जॅक फिरवून तुळई हातभर वर घेतली तेव्हा हवालदार वॉटकिन्स वाकला. "मुठीत काहीतरी धरलंय यानं," तो म्हणाला.

बोटं सोडवायला दोघं लागले. आत ओकची वीतभर खुंटी होती. कुजून काळी पडलेली, एका टोकाला पार भुसा झालेला.

"आयव्हर, या गाळ्याची दुरुस्ती तूच केली होतीस ना?"

"होय," मी म्हटलं.

पंचवीस वर्षांपूर्वी त्या तुळईचं कुजलेलं टोक कापून मी तिला नवा ओक जोडला होता आणि सांधा चार खुंट्यांनी आवळला होता. एमॉसने तेव्हा शिडी धरली होती. त्याच हिवाळ्यात माझी बायको ग्वेन आजारी होती, मी दुपारीच काम टाकून घरी पळायचो. एखादी खुंटी ओल्या लाकडाची निघाली असेल, घाईत बघायची राहिली असेल, असं मला त्या क्षणी वाटलं आणि मग ते डोक्यातून गेलंच नाही. वॉटकिन्सने खुंटी पिशवीत घातली. मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पाहवेना.

आठवड्याभराने मृत्यूची सरकारी चौकशी करून कोरोनरसाहेबांनी निकाल दिला: जुन्या दुरुस्तीतली खुंटी कुजल्यामुळे अपघाती मृत्यू. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, स्टोक मॅडॉकमध्ये सुतार एकच आहे.

२

सुताराकडे असतं काय? हत्यारं आणि नाव. हत्यारं विकत मिळतात.

आमच्या चर्चच्या मनोऱ्यात घंटांचा ओकचा सांगाडा आहे. माझ्या आजोबांनी तो एकदा दुरुस्त केला आणि आपलं नाव तुळईवर कोरलं. त्याच्याशेजारची जागा मी तीस वर्षं डोळ्यांत धरून होतो. यंदा ते काम निघालं, मला मिळणार हे ठरल्यातच जमा होतं. निकालानंतर पाद्रीबुवा माझ्या कारखान्यात आले आणि उगाच रंध्याला हात लावत उभे राहिले.

"मला काही वाटत नाही हो, आयव्हर. पण लोक म्हणतात, सहा घंटा डोक्यावर टांगायच्या म्हणजे... शहरातल्या कंपनीला विचारावं असं निघालंय. गुरुवारी सभा आहे."

"लोकांना सांगा, खाली उभे राहू नका म्हणावं."

पाद्रीबुवा हसले नाहीत. मलाही हसू आलं नव्हतं.

आणि नेस्टा, एमॉसची बायको. चाळीस वर्षं रविवारचं जेवण मी त्यांच्या टेबलावर जेवलो. आता मी दुकानात शिरलो की ती पाव तसाच ठेवून बाहेर पडायची. एक शब्द बोलायची नाही. शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

मिस गार्बेट सभेच्या आधीच्या सोमवारी आल्या. जुन्या इमारतींच्या सरकारी यादीसाठी चित्रं काढणाऱ्या या बाई. वय सत्तरच्या घरात, पायात पुरुषी बूट, बोलणं कमी आणि पेन्सिल चालू. इमारत पडली की यादीतून नाव खोडण्याआधी त्या येऊन जे उरलंय ते मापात काढून घेतात. म्हणजे इमारतींची प्रेतयात्राच म्हणा. तीन दिवस त्या पडक्या कोठाराच्या ढिगाऱ्यात एकेक लाकूड उलटंपालटं करत बसल्या होत्या. बुधवारी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या.

"मिस्टर प्रीस, एक शंका आहे. तुम्ही रागावणार नसाल तर."

"रागवायला माणूस शिल्लक हवा. बसा."

त्यांनी चित्रांची वही उघडून माझ्यापुढे धरली. पानावर एक खुंटी काढलेली होती, खऱ्या मापाची, कुजका भाग बारीक ठिपक्यांनी दाखवलेला.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"एमॉस ग्विलियमच्या मुठीतली. हवालदारांनी चित्र काढू दिलं."

मी चष्मा लावला. पान खिडकीकडे धरलं. मग वही घेऊन दारात, उजेडात गेलो.

"मिस, तुम्ही पाहिलं तसंच काढता की शोभेसाठी इकडचं तिकडे करता?"

"दिसतं तेवढंच काढते. का?"

"मग ही खुंटी माझी नाही," मी म्हणालो. "ही सरळ आहे."

३

कोणालाही न सांगता सोडलेली गोष्ट होती ती, कारण आमच्या धंद्यात ती सांगावी लागत नाही.

ओकचा सांधा करताना एका लाकडाला जीभ काढतात, दुसऱ्याला खाच पाडतात, आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून खुंटी मारतात. पण भोकं एका रेषेत पाडायची नाहीत. जिभेतलं भोक मुद्दाम नखभर मागे घ्यायचं. मग खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत शिरते आणि दोन लाकडांना एकमेकांवर आवळते. दोनशे वर्षांनी काढलीत तरी तिला गुडघ्यासारखा वाकडेपणा असतो. मी भोकं एका रेषेत पाडली म्हणून माझ्या गुरूने एकदा मला गिरमिट फेकून मारलं होतं. खूण अजून भुवईवर आहे.

"म्हणजे जी खुंटी सरळ आहे..." मिस गार्बेट म्हणाल्या.

"ती असल्या सांध्यात कधी गेलीच नाही. चार कुजक्या लाकडांच्या ढिगातून कुणीतरी उचलली."

त्यांनी वहीची मागची पानं चाळली. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. ढिगाऱ्यातल्या इतर सांध्यांच्या खुंट्या मला सापडल्या, मोडक्या, अर्ध्या, पण सापडल्या. तुमच्या सांध्यातल्या चारही नाहीत. आणि भोकं फाटलेली नाहीत. सांधा ओढून तुटला असता तर लाकूड चिरलं असतं."

"मग?"

"मागच्या बाजूला चारही भोकांच्या काठावर लोखंडी पहारीचे ताजे वण आहेत. खुंट्या आधीच ठोकून बाहेर काढल्या होत्या, मिस्टर प्रीस. तुमची जोडणी निकामी झालेली नाही. कुणीतरी ती उघडली."

मी लाकडाच्या ओंडक्यावर बसलो. तीन आठवडे छातीवर ठेवलेला दगड उचलला गेला होता आणि त्याखाली भलतंच काही निघत होतं. मी एमॉसला मारलं नाही, हे पहिलं. दुसरं डोक्यात यायला थोडा वेळ लागला.

मग त्याला मारलं कुणी?

४

लोअर पेनची जमीन आणि इमारती इस्टेटीच्या, म्हणजे जमीनदाराच्या. एमॉस कूळ होता, बापापासून. गेल्या उन्हाळ्यात इस्टेटीने कोठार विकायचं ठरवलं. हल्ली शहरातल्यांना जुन्या कोठारात राहायची हौस आलीय. जिथे आमच्या आज्यांनी गहू झोडला तिथे त्यांना सोफा टाकायचा असतो. बर्मिंगहॅमचे एक मिस्टर होल्डन ते घेणार होते, पण त्यांना अंगण आणि शेतघरही हवं होतं, मोटारी ठेवायला आणि पाहुण्यांना. म्हणून एमॉस आणि नेस्टाला पंचवीस मार्चपर्यंत घर सोडायची नोटीस होती. कोठार इतकं सुंदर नसतं तर त्यांना कुणी हात लावला नसता.

त्याच दुपारी मिस गार्बेट आणि मी निघालो, आणि मिस्टर होल्डन आम्हाला ढिगाऱ्यापाशीच भेटले. चांगल्या कापडाचा कोट, चेहरा मात्र सुतकी.

"बायकोने पडद्यांचं कापडसुद्धा निवडलं होतं," ते म्हणाले. "आता मी इथे काय घेऊ? दगड?"

"पडलं तर नवं बांधायला मोकळीक मिळते की," मी म्हटलं. "यादीतल्या इमारतीला खिडकी पाडायची तरी दहा अर्ज. पडकीला कोण विचारतंय?"

"अहो, नवंच बांधायचं तर मी बर्मिंगहॅमला नाही का बांधणार? आम्हाला त्या तुळया हव्या होत्या." ते माझ्याकडे वळले. "तुमच्याच त्या खुंटीचा घोटाळा ना? खरं सांगतो, खुंटी म्हणजे मला कोट टांगायची तेवढी माहीत होती."

मिस गार्बेटनी शेजारचा एक शाबूत सांधा दाखवला. "या सांध्यातली खुंटी काढायची झाली तर कशी काढाल?"

होल्डननी समोर दिसणाऱ्या जाड डोक्यावर बोट ठेवलं. "इथून ठोकून. दुसरीकडून निघेल."

मी हसलो. खुंटी टोकाकडे निमुळती असते. डोक्यावर ठोकली तर ती आणखी घट्ट बसते. काढायची तर पाठीमागे जाऊन टोकावर पहार ठेवून उलटी ठोकावी लागते. होल्डनसाहेब आठवडाभर ठोकत बसले असते तरी कोठार हललं नसतं.

तिथून आम्ही लेनी बफ्टनकडे गेलो. लेनी माझ्याकडे सहा वर्षं शिकला, चांगला हात होता, आणि मग जुन्या इमारतींचा ओक विकायच्या धंद्यात पडला. कोठार पडलं त्याच दुपारी तो ट्रक घेऊन तुळया बघायला आला होता. गावाने त्याबद्दल त्याला पोटभर शिव्या दिल्या होत्या.

"या मिस्त्री," तो म्हणाला. "आज माझ्यावर खुनाचा आळ का चोरीचा?"

"तू खुंट्या काढल्यास का, एवढंच सांग."

"आणि मुठीत ही कोंबली?" त्याने वहीतलं चित्र पाहिलं आणि फुटून हसला. "अहो, ही तर काठी आहे! सहा वर्षं तुमच्या हातचा मार खाल्लाय मी वाकड्या खुंट्यांपायी. फसवायचंच असतं तर वाकडी कुजकी शोधली असती. माझ्या शेडमध्ये पोतंभर पडल्यात. उगाच तुमच्या तालमीचं नाव कशाला घालवू?"

ते खरंच होतं. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

"त्या दिवसांत तुम्ही लोअर पेनला गेला होतात?" मिस गार्बेटनी विचारलं.

"सोमवारी. एमॉस कोठारातली वासरं आणि कोंबड्या गोठ्यात हलवत होता, मी गव्हाण उचलायला हात दिला. रेडिओवर वाऱ्याचं सांगितलंय, म्हणाला." लेनीने टोपी मागे सारली. "मी म्हटलं, एमॉस, या कोठाराने असले वारे शंभर खाल्लेत. त्यावर काही बोललाच नाही."

मिस गार्बेट वहीत काहीही काढत नव्हत्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मला मिसेस ग्विलियमकडे एकटीला जाऊ द्या. तुम्ही घरी थांबा."

५

त्या परत आल्या तेव्हा मी चहा तीनदा गरम केला होता. त्यांनी बूट काढले, विस्तवाशी पाय धरले, आणि मोजे वाळत घालत बसल्या.

"बोला की मिस. जीव टांगणीला लावू नका."

"तिने मला सफरचंदाचा केक दिला. चांगली बाई आहे. त्या दिवशीचं विचारलं." त्या ज्वाळेकडे बघत बोलत होत्या. "एमॉस पहाटेपासून बाहेर होता. नवाच्या सुमारास स्वयंपाकघरात आला, बसला, काही खाल्लं नाही. मग चर्चला जाताना घालायची ती रविवारची टोपी चढवली आणि म्हणाला, आयव्हरकडे जाऊन येतो. ती म्हणाली, एवढ्या वाऱ्यात? तो निघून गेला. थोड्या वेळाने आवाज झाला."

"माझ्याकडे?" हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "माझ्याकडे कशाला?"

"थांबा. आधी गोठ्याचं. तिच्या परवानगीने मी गोठा पाहिला. एका जुन्या गव्हाणीची खुंटी गायब आहे. भोक रिकामं आणि आतून स्वच्छ, कोळिष्टकसुद्धा नाही. गव्हाणीच्या खुंट्या सरळ असतात ना?"

"त्यांना कोण वाकवतंय. पण गोठ्यात शिरायचं तर त्यांच्या मागच्या अंगणातूनच जावं लागतं. कुत्रा बांधलेला असतो तिथे. परक्याला पाय ठेवू देत नाही."

"हो. माझीही पोटरी थोडक्यात वाचली."

त्यांनी वही काढली. पान उघडण्याआधी त्या माझ्याकडे इतक्या कनवाळूपणे बघायला लागल्या की मला भीती वाटली.

"ती केक कापत होती तेव्हा मी हे काढून घेतलं. चुलीशेजारी सरपणाची टोपली आहे. वरच्या काटक्यांखाली हे दिसत होतं."

पानावर चार खुंट्या होत्या. ठणठणीत ओकच्या, चारही गुडघ्यात वाकलेल्या. खुंटीच्या डोक्याला मी चार पैलू पाडतो, आठ नाही. ते पैलू मी कुठेही ओळखले असते.

६

"नेस्टाने?" मी विचारलं.

"नाही. तिला माहीत असतं तर तिने पहिल्याच दिवशी त्या जाळल्या असत्या. ती टोपली एमॉसने भरलेली आहे. तो गेल्यापासून तिने तिला हात लावलेला नाही, बहिणीने आणलेल्या विजेच्या शेगडीवर भागवते. मी लाकूड उचलायला गेले तर म्हणाली, ती राहू द्या, त्याने फोडलेली आहेत."

"मग एमॉस..."

मिस गार्बेट हळूहळू, एखादं मोजमाप वाचून दाखवावं तसं बोलत गेल्या. "ज्याने हे केलं त्याला खुंटी मागून काढायची हे माहीत होतं, म्हणून होल्डन नाहीत. पण ती वाकलेली असते याचं त्याला महत्त्व कळलं नाही, म्हणून लेनी नाही आणि तुम्हीही नाही. अर्धंच माहीत असलेला माणूस हवा. तुमच्यापाशी उभा राहून ज्याने शिडी धरली, कुजक्या खुंट्या मागून ठोकताना पाहिल्या, पण भोकं पाडली तेव्हा जो नव्हता."

"भोकं मी इथे, कारखान्यात पाडली होती."

"तेच. त्याने वाकड्या खुंट्या हातात घेतल्या तेव्हा त्याला वाटलं असेल, इतक्या वर्षांच्या भाराने वाकल्या."

मला सगळं दिसायला लागलं, नको असताना. होल्डनला कोठार हवं म्हणून घर जाणार. कोठारच नसेल तर होल्डन जाईल, घर राहील. जाळता येत नव्हतं, घर चिकटून आहे. म्हणून सोमवारी जनावरं बाहेर काढली, खुंट्या काढल्या, आणि वाऱ्याची वाट पाहत बसला. आणि आमच्याकडचा माणूस चांगला वाळलेला ओक ओढ्यात फेकत नाही. पुरावा असो नाहीतर काही असो, हात आपोआप सरपणाच्या टोपलीकडे वळतो. एमॉसने तर जन्मात सुतळीचा तुकडा टाकला नव्हता.

"पण ती कुजकी खुंटी कशाला?" मी ओरडलोच. "वाऱ्याने पडलं एवढं पुरलं नसतं?"

"इस्टेटीचा माणूस पाहणीला आला असता. सांधा रिकामा का, म्हणून विचारलं असतं. एक कुजकी खुंटी सापडली की कुणी पुढे बघत नाही. तुम्हीही तीन आठवडे बघितलं नाहीच."

"म्हणजे त्याने माझा गळा कापायचं ठरवलं होतं. चाळीस वर्षं माझ्याबरोबर जेवून."

त्यांनी विस्तवात एक लाकूड सरकवलं.

"आणि ती टोपी?" मी विचारलं. "माझ्याकडे येतो म्हणाला ते?"

"त्याचे दोन अर्थ होतात. एक, पडताना आपण तुमच्याकडे होतो असं दाखवायचं होतं, आणि जाता जाता खुंटी ठेवायला तो आत गेला. दुसरा, ती आधीच ठेवलेली होती, आणि त्याला ते सहन झालं नाही. ती उचलून तो तुमच्याकडे येऊन सगळं सांगणार होता."

"कुठला खरा?"

"खुंटी मुठीत होती, मिस्टर प्रीस. ठेवणाऱ्याची मूठ आणि उचलणाऱ्याची मूठ सारखीच दिसते." त्यांनी वही मिटली. "मला खोटं बोलता येत नाही. दुसरा खरा असेल असं म्हणायला मला आवडलं असतं."

मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत येऊन बसलो. माझ्या आयुष्यात कधी एवढा राग आला नव्हता, आणि तो काढायचा तर ज्याच्यावर काढायचा तो चर्चमागे मातीत.

"माझ्या अहवालात इमारत कशी होती एवढंच लिहायचं असतं," मिस गार्बेट म्हणाल्या. "बाकीचं तुमचं आहे. उद्या सभा आहे ना? हवालदाराला त्या टोपलीपाशी नेलंत की पाच मिनिटांत तुमचं नाव धुऊन निघेल. पण कुळाने मुद्दाम इमारत पाडली म्हटल्यावर इस्टेट त्या बाईला एक दिवससुद्धा घरात ठेवणार नाही. एमॉसने ज्यासाठी हे केलं ते जाईल."

"आणि नाही सांगितलं तर माझं जाईल."

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी धीर द्यायचा प्रयत्नही केला नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

७

रात्रभर मी ठरवत होतो आणि मोडत होतो. सकाळी ठरलं: नेस्टाला सांगायचं. वॉटकिन्सला नाही, पाद्रीबुवांना नाही, आधी तिला. मग ती म्हणेल तसं. मी काही संत नाही. तिने मला पुन्हा टेबलावर बसवावं, एवढाच माझा लोभ होता.

दार तिने उघडलं, आणि मला बघून मिटलं नाही. आत मात्र बोलावलं नाही. उंबऱ्यावरच उभी राहिली. केवढी वाळली होती!

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "नाहीतर मीच येणार होते. हे वाच."

इस्टेटीचं पत्र होतं. होल्डनने माघार घेतल्यामुळे आता सगळंच शेत विकायचं ठरलंय, घरासकट. एकट्या बाईला शेती झेपणार नाही हे ध्यानात घेऊन जूनपर्यंत मुदत वाढवण्यात आली आहे. कळावे.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे घर असंही जाणार होतं आणि तसंही. एमॉसने कोठार पाडून, स्वतः मरून, मला बुडवून तीन महिने मिळवले होते.

मला लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार आला तो हाच की आता मी मोकळा आहे. खरं सांगून कुणाचं काही जाणार नाही. मी तोंड उघडलं.

"थांब," नेस्टा म्हणाली. "मला आधी विचारू दे, नाहीतर धीर जाईल. तीन आठवडे मी तुझा तिरस्कार करतेय. पण मला झोप येत नाही ती त्याने नाही." तिने चौकटीला धरलं. "त्या सोमवारी जनावरं हलवून आला आणि मला म्हणाला, काही झालं तरी हे घर तुझंच राहील बघ. काही झालं तरी. नोटीस आल्यापासून तो बोलत नव्हता, खात नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी असल्या वाऱ्यात रविवारची टोपी घालून त्या तुळईखाली जाऊन उभा राहिला. आयव्हर, माणूस चांगले कपडे घालून कुठे जातो?"

"तसं नाही, नेस्टा."

"मग कसं? कोरोनर काहीही म्हणू दे. तू सुतार आहेस. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तुझी खुंटी कुजली होती, आणि त्याने ठरवून काही केलं नव्हतं, असं मला सांग. तेवढं सांगितलंस तर मी बहिणीकडे जाऊन राहीन, जगेन. नाहीतर मला कळत नाही मी काय करेन."

तिच्या मागे स्वयंपाकघर दिसत होतं, चूल थंड होती. खरं सांगायचं तर खुंट्या त्याने स्वतः काढल्या हे सांगावं लागणार होतं. आणि ज्या माणसाने हाताने खुंट्या काढल्या तो त्याच तुळईखाली मरायला गेला नव्हता, हे मी तिला कशाच्या जोरावर पटवणार? ते मलाच माहीत नव्हतं. मिस गार्बेटनासुद्धा माहीत नव्हतं.

"माझीच होती," मी म्हणालो. "ओल्या लाकडाची होती. ग्वेनच्या आजारपणात घाईत मारली मी. कधीतरी जायचीच होती."

"नक्की?"

"सुताराला कळतं ते."

तिने श्वास सोडला. एवढा लांब श्वास मी कुणाचा ऐकलेला नाही. खांदे खाली आले, आणि क्षणभर ती जुनी नेस्टा दिसली.

"म्हणजे तो मला सोडून गेला नव्हता."

"नाही."

"म्हणजे तू मारलंस त्याला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेब जुळल्यावर माणूस बोलतो तसं बोलली. "जा आयव्हर. आता पुन्हा इथे येऊ नकोस. बहिणीकडेही येऊ नकोस. पत्र लिहू नकोस."

मी टोपी घातली आणि अंगण ओलांडून निघालो. रस्त्याला लागलो तेवढ्यात तिने मागून हाक मारली, आणि मी वेड्यासारखा आशेने वळलो.

"फाटक लावून घे," ती म्हणाली. "मेंढ्या आत येतात."